पोरगा रोझरीत म्हणतो "पप्पांचं पेमेंट येऊ दे". धंदा करणारे कॅथलिक बाप, कसं सांभाळता?

खोकेवाला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितोय. लांबण लागणार आहे, आधीच सॉरी.

माझा पॅकिंगच्या खोक्यांचा छोटा कारखाना आहे, माझ्यासकट पंधरा माणसं. नोकरी सोडून आठ वर्षं झाली. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात. आम्ही कॅथलिक, आणि नावापुरते नाही, म्हणजे रविवारची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) चुकत नाही, रात्री जेवणं झाल्यावर घरात रोझरी म्हणजे माळेची प्रार्थना होते, बायको आमच्या चर्चमध्ये लहान मुलांना कॅटेकिझम म्हणजे धर्मशिक्षण शिकवते. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल वा काय घर आहे.

आता झालं काय, रोझरी सुरू करायच्या आधी आमच्याकडे प्रत्येकजण सांगतो की आज कोणासाठी प्रार्थना करायची. कोणाची परीक्षा, कोणाचं आजारपण, असं. गेल्या महिन्यात धाकट्याची पाळी आली तर तो डोळे घट्ट मिटून, हात जोडून म्हणाला, "पप्पांचं पेमेंट येऊ दे." मुलगी फिस्सकन हसली, मीही हसलो. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी कस्टमरच्या नावासकट!! फोनवर माझ्या तोंडून ऐकून ऐकून पाठ झालेलं त्याचं. बायको मात्र हसली नाही. नंतर भांडी आवरताना म्हणाली, त्याला वाटतं पेमेंट आलं की पप्पा घरी येतील. मी म्हटलं अगं मी घरीच तर असतो की. ती काही बोलली नाही, नुसता नळ जोरात सोडला.

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

खरं सांगायचं तर मिस्सेतही मी नसतोच. फोन सायलेंटवर असतो पण खिशात थरथरतो, आणि थरथरला नाही तरी थरथरल्यासारखा वाटतो. फादर भाकर वर उचलतात आणि माझ्या डोक्यात डाय कटिंगचं, म्हणजे पुठ्ठा कापायचं मशीन आज परत शीट अडकवणार का हे चाललेलं असतं. कन्फेशनमध्ये हे सांगितलं, फादर म्हणाले संतुलन ठेव. फादर फार चांगले आहेत हो, पण त्यांना आयुष्यात कधी वर्किंग कॅपिटल लागलेलं नाही.

त्यात रविवारचा वेगळाच घोळ. माझा सगळ्यात मोठा कस्टमर, जवळजवळ चाळीस टक्के काम त्याचं, त्याला सोमवारी सकाळी सातला माल लागतो. म्हणून रविवारी चार पोरं बोलवावी लागतात, ओव्हरटाइम देतो, फुकट नाही. मी शनिवार संध्याकाळची मिस्सा करतो आणि रविवारी सकाळी कारखाना उघडतो, बायको मुलांना घेऊन रविवारी जाते. नियमाने हे चालतं ना? चालत असेल तर मग मला असं चोरट्यासारखं का वाटतं?

म्हणजे विचारायचं एवढंच की तुमच्यापैकी जे बाप आहेत, धंदा करतात आणि देवालाही मानतात ते नक्की काय करतात. मोटिव्हेशनल नको प्लीज, प्रत्यक्ष काय करता ते सांगा.

---

आकडेमोड

एक सुपरवायझर ठेवा, रविवार त्याच्याकडे द्या, विषय संपला. आठ वर्षांनंतरही कुलूप तुम्हालाच उघडावं लागत असेल तर प्रॉब्लेम श्रद्धेचा नाही, सिस्टीमचा आहे. देवाला मध्ये कशाला आणताय.

---

रिटायर्ड_कॅटेकिस्ट

आकडेमोड यांचं अर्धं बरोबर आहे, अर्ध्यावर येतो नंतर.

आधी नियम. शनिवार संध्याकाळची मिस्सा चालते, पूर्ण चालते, ती काही पळवाट नाही. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, १२४८ नंबरला साफ लिहिलंय, त्या दिवशी किंवा आदल्या संध्याकाळी. पण गंमत बघा, १२४८ सगळ्यांना माहीत असतं आणि त्याच्या बरोबर वरचं १२४७ कोणी वाचत नाही. तिथे मिस्सेबरोबर दुसरंही सांगितलंय, की देवाची उपासना, त्या दिवसाचा आनंद, मनाचा आणि शरीराचा आराम याच्या आड येणारी कामं टाळायची. मिस्सा शनिवारवर ढकलता येते. आराम तुम्ही कोणत्या वारावर ढकललाय ते पोस्टमध्ये कुठे दिसलं नाही :)

लगेच घाबरू नका, चर्च एवढं आडमुठं नाहीये. कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या शिकवणुकीच्या पुस्तकात, २१८५ ला म्हटलंय की घरची गरज किंवा समाजाच्या मोठ्या उपयोगाचं काम असेल तर रविवारच्या विश्रांतीतून सूट आहे. मात्र पुढच्याच वाक्यात तंबी आहे, की या सबबींची सवय लागून धर्म, घर आणि तब्येत यांचं नुकसान होऊ देऊ नका. तुम्ही जे विचारताय तेच तीन शब्द आहेत जवळजवळ.

माझं गॅरेज होतं, एकोणतीस वर्षं चालवलं. ॲम्ब्युलन्सचा ब्रेक गेला म्हणून रविवारी भरल्या ताटावरून उठून गेलोय, एकदाही मनाला लागलं नाही. पण "जरा पॉलिश मारून द्या, गाडी दाखवायला न्यायचीय" याला सोमवार सांगायचो. तोंड वाकडं करून दोन-तीन गिऱ्हाईकं गेली, बाकीची शिकली. येशूने लूकच्या चौदाव्या अध्यायात विचारलंयच ना, शब्बाथ दिवशी, म्हणजे विश्रांतीच्या दिवशी, बैल विहिरीत पडला तर लगेच काढणार नाही का. काढायचाच. पण तुमचा बैल दर रविवारी त्याच विहिरीत पडतोय हो, तेव्हा आता विहिरीला कठडा बांधा. त्या कस्टमरला कधी विचारलंय का की सातच का? शनिवारी दुपारी माल पाठवला तर ठेवायला जागा आहे का त्याच्याकडे? नेहमी लागणाऱ्या साइजचा दोन दिवसांचा तयार स्टॉक ठेवता येतो का? माझा अंदाज, आठ वर्षांत एकदाही विचारलं नसेल. आपण मोठ्या कस्टमरला काही विचारायलाच भितो.

आणि आकडेमोड, सुपरवायझर ठेवला तर मालकाचा रविवार सुटेल, त्या सुपरवायझरचं काय? कॅटेकिझम २१८७ वाचा, आपल्यामुळे दुसऱ्याचा प्रभूचा दिवस विनाकारण मोडू नये, आणि मालकांनी कामगारांना विश्रांतीला आणि उपासनेला वेळ मिळेल हे बघायचं. बायबलच्या जुन्या करारात अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात तर आज्ञा देतानाच दास, दासी, वेशीच्या आतला परका, अगदी बैल आणि गाढवसुद्धा मोजलेत. रविवार एकट्या मालकाला दिलेला नाहीये.

---

नाइट_शिफ्ट

मी कॅथलिक नाही आणि मालकपण नाही, मशीनवरचा माणूस आहे, इकडे मध्ये बोलू का नको असं झालेलं पण वरचं वाचून राहवलं नाही.

पूर्वी ज्यांच्याकडे होतो ते मालक तुमच्याच धर्माचे, माणूस वाईट नव्हता. रविवारी कपडे करून सगळं कुटुंब गाडीतून चर्चला जायचं आणि जाताना आमच्या गेटवर थांबून साहेब काच खाली करून विचारायचे, किती झाले रे? आम्ही सांगायचो एवढे झाले. मागच्या सीटवर त्यांची पोरं बसलेली असायची नव्या कपड्यात, आमच्याकडे बघायची. माझी पोरगी तेव्हा दोन वर्षांची होती. मला काय त्यांचा राग नव्हता, ओव्हरटाइम मलाही पाहिजेच होता, नाही कशाला म्हणू. पण गाडी गेल्यावर आम्ही आपापसात जे बोलायचो ते त्यांच्या देवाबद्दल बरं नसायचं, एवढंच सांगतो.

तुमच्या चार पोरांना एकदा विचारा, पैसे तेवढेच मिळाले तर रविवारी याल का. खरं उत्तर मालकाला मिळत नाही म्हणा, तरी विचारा.

---

लेकीच्या_बाजूने

नाइट_शिफ्ट दादा, बरं झालं बोललात.

खोकेवाले, मी धंदेवाल्याची मुलगी. पप्पांचं छोटं वर्कशॉप होतं आणि मिस्सेत ते कायम पुढच्या बाकावर माझ्या बाजूला बसायचे. प्रवचन सुरू झालं की खिशातून बोटभर पेन्सिल काढायचे आणि मिस्सेचं पत्रक उलटं करून मागे काहीतरी लिहीत बसायचे, बारीक अक्षरात, ओठ हलत असायचे. मला वाटायचं प्रार्थना लिहितायत. शाळेत मैत्रिणींना सांगायचे माझे पप्पा स्वतः प्रार्थना लिहितात म्हणून, काय अभिमान! ते गेले त्यानंतर त्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात घडी घातलेले असे आठ-दहा कागद निघाले. नुसते आकडे. कोणाकडून किती येणं, पगार किती जायचा, मटेरियलचे किती, खाली रेघ मारून वजाबाकी. एका कागदावर वजाबाकी मायनसमध्ये गेलेली, त्याला दोनदा गोल केलेला आणि त्याच्या खाली फक्त "तूच बघ". बाकी काही नाही.

आता तो हिशोब होता का प्रार्थना, मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यामुळे तुमच्या पोराने पेमेंट मागितलं यात तुम्हाला लाज का वाटावी हेच मला कळेना. रोजची भाकर आज दे असंच शिकवलंय ना आपल्याला, मग खोक्यांच्या पेमेंटमधून येते ती भाकर नाही तर काय आहे? मागू दे की त्याला. मला खटकलं ते वेगळंच. पेमेंट आलं की घरात कोणी सांगतं का, अरे आलं बरं का, चला आज थँक्यू म्हणू? का आलं की लगेच पुढच्याची काळजी सुरू? आमच्याकडे तेच व्हायचं. मागणं सगळ्यांच्या देखत आणि आल्याचं कोणाला पत्ताच नाही, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं आपला देव उधारी बुडवणारा आहे.

आणि एक, राग मानू नका. घरची रोझरी कोण चालवतं? तुमच्या लिहिण्यावरून मला वास येतोय की तुम्ही ती पण टार्गेटसारखी पुरी करता. रात्री उशिरा येणार, पोरं पेंगलेली, तरी माळेचे पाचही भाग, म्हणजे रहस्यं, झालीच पाहिजेत, एखादं पोर कलंडलं की आवाज चढणार. आमच्याकडे हेच होतं. नमो मरिया म्हणता म्हणता पाठीत धपाटा खाल्लाय मी!! त्यापेक्षा एकच रहस्य म्हणा, दहा नमो मरिया, पण पोरं जागी असताना. मोठी माळ सुट्टीच्या दिवशी.

पप्पांचं एक मात्र होतं, आणि मला आज तेच जास्त आठवतं. ओरडले तर झोपायच्या आधी खोलीत येऊन चक्क सॉरी म्हणायचे, आठ वर्षांच्या पोरीला. त्या काळात बाप सॉरी म्हणत नसत. पोप फ्रान्सिस कुटुंबांना सारखे तीन शब्द सांगायचे ना, प्लीज, थँक्यू, सॉरी, २०१६ च्या त्यांच्या कुटुंबावरच्या पत्रात पण आहेत, ते वाचलं तेव्हा मला पप्पाच दिसले दारात उभे. पहिले दोन त्यांना कधी जमले नाहीत हा भाग वेगळा.

---

खोकेवाला

सगळ्यांचे आभार. ताई, रोझरीचं तुम्ही जे लिहिलंय ते शब्दशः खरं आहे, धपाटा नाही पण आवाज हो. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली या बाईंना घरी बोलव एकदा.

नाइट_शिफ्ट, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही.

आता बोलतोच आहे तर एक लपवलेलं सांगतो. गेल्या वर्षी दोन महिने पगार लेट झाले, एकदा नऊ दिवस आणि एकदा बारा. पैसे अडकले होते, खरंच अडकले होते. पण त्यातल्याच एका महिन्यात चर्चच्या छताच्या दुरुस्तीला मी देणगी दिली, आधी कबूल केलेली होती म्हणून. नाव बोर्डावर लागलं. मिस्सेनंतर लोक हात मिळवत होते आणि मला आमच्या ऑपरेटरचा चेहरा दिसत होता, ज्याला सकाळीच सांगितलं होतं की अजून चार दिवस थांब. हे कन्फेशनमध्ये सांगितलं नाही, कारण हे पाप आहे असं डोक्यातच आलं नाही. मिस्सेत लक्ष नव्हतं ते मात्र बरोबर सांगितलं.

---

बुडीत_खातं

नाव बघून कळलंच असेल, माझा धंदा बसला. अकरा वर्षं चालवून बंद केला, आता नोकरी करतो. त्यामुळे यशस्वी माणसाचा सल्ला म्हणून वाचू नका.

तुम्ही शेवटी लिहिलंत ना त्यावर आधी बोलतो, कारण माझ्या मते तुमच्या पूर्ण प्रश्नाचं मूळ तिथे आहे आणि तुम्ही ते तिसऱ्या पानावर सांगितलंत. बायबलमधलं याकोबाचं पत्र काढा, पाचवा अध्याय, चौथी ओवी. शेतात कापणी केलेल्यांची अडकवून ठेवलेली मजुरीच ओरडतेय आणि ते ओरडणं प्रभूच्या कानी गेलंय. कॅटेकिझममध्ये १८६७ ला, स्वर्गाकडे आक्रोश करणारी पापं म्हणून जी यादी आहे, तिच्यात खुनाबरोबर मजुरावरचा अन्याय बसवलाय. मिस्सेत मन भटकणं त्या यादीत नाहीये. तुमचे पैसे खरंच अडकलेले होते, म्हणजे तुम्ही लुबाडलं नाही, ते मी समजू शकतो, मी स्वतः तिथे उभा राहिलेलो आहे. पण छत चार महिने थांबलं असतं. फादरांना सांगितलं असतंत की पगार बाकी आहेत, तर मला नाही वाटत कोणताही शहाणा फादर म्हणाला असता की नाही नाही, आधी कौलं.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये कामगारांवर परिपत्रक काढलं, रेरुम नोव्हारुम, त्यात मजुरीचं हेच सांगितलंय की दोघांनी आपखुशीने ठरवली म्हणून ती आपोआप न्याय्य होत नाही, माणसाचं पोट त्यावर चाललं पाहिजे. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी लिओ हे नाव घेतलं तेही त्या जुन्या लिओंची आणि त्या परिपत्रकाची आठवण ठेवून, ते स्वतःच बोलले होते तसं. आपण मात्र चर्च म्हटलं की मेणबत्ती, माळ आणि उपवास यांच्या पलीकडे बघत नाही. आपली पगाराची वही हा आपल्या धर्माचा भाग आहे हे मला धंदा बुडेपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी तेव्हा प्रवचनात बसून हिशोब करत असेन.

दुसरं, "घरच्यांसाठीच तर करतोय". मी हे वाक्य अकरा वर्षं वापरलं. धंदा बंद झाल्यावर बायकोने शांतपणे विचारलं, आता कोणासाठी करणार? तोंडात मारल्यासारखं झालं. घरच्यांसाठी करत होतो हे खोटं नव्हतं, पण तेवढंच नव्हतं. मला तिथे किंमत होती हो. घरी मी नळ गळतोय म्हणून बोलणी खाणारा माणूस आणि तिकडे सगळे सर सर करणार. घरी जायला उशीर व्हायचा तो दर वेळी कामामुळे नव्हता, हे मी इथे लिहितोय कारण कोणी ओळखत नाही.

नफा वाईट नाही हे पण सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही भलतंच अंगाला लावून घ्याल. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ च्या पत्रात स्वच्छ म्हटलंय की नफा हे धंदा नीट चाललाय याचं लक्षण आहे, फक्त तेवढंच एक लक्षण नाही, कारण हिशोब चोख असूनही आतली माणसं चिरडली जात असतील. माझ्या वहीत एक वर्ष नफा भरपूर होता. त्याच वर्षी माझा सर्वात जुना माणूस सोडून गेला आणि का गेला ते मी विचारलंसुद्धा नाही.

संतांचं बोलायचं तर येशूला वाढवणारे योसेफ सगळ्यांना माहीत आहेत, बाप आणि कारागीर, शुभवर्तमानात त्यांचा एक शब्द नाही, आणि आपण व्हॉइस नोटवर व्हॉइस नोट. पण मला जास्त जवळचं वाटतं ते लुई आणि झेली मार्टिन हे जोडपं, लिझ्यूच्या संत तेरेजाचे आईवडील, २०१५ मध्ये दोघांना एकत्र संत केलं. फ्रान्समध्ये आलाँसोंला त्याचं घड्याळांचं दुकान, तिचा लेसचा धंदा, हाताखाली बायका कामाला. दुकान रविवारी बंद म्हणजे बंद, गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तरी. नऊ मुलं झाली, चार लहानपणीच गेली. हे सगळं होली पिक्चरसारखं वाटतं, पण झेलीची पत्रं आहेत, त्यात लेसच्या ऑर्डरींनी जीव कसा मेटाकुटीला आलाय ते दिसतं. आणि १८७० मध्ये लुईने काय केलं, आपलं दुकान भाच्याला विकलं आणि बायकोच्या धंद्याची बाहेरची कामं बघायला लागला, कारण तिचं चांगलं चाललं होतं. आजही किती नवरे करतील सांगा. मी नसतं केलं.

अर्जेंटिनाचे एनरिक शॉ म्हणून होते, काचेच्या मोठ्या कंपनीत वरच्या हुद्द्यावर, नऊ मुलांचे वडील, १९६२ मध्ये कॅन्सरने गेले, एक्केचाळीसाव्या वर्षी. चर्चने त्यांना २०२१ मध्ये पूजनीय ठरवलं, ही संतपदाच्या वाटेवरची एक पायरी. आजारपणात त्यांना रक्त लागलं तेव्हा कारखान्यातले कामगार रक्त द्यायला आले. मी त्या रांगेचा विचार करतो कधी कधी. माझ्यासाठी किती आले असते? एक येईल असं वाटतं, नक्की नाही.

बाकी प्रत्यक्ष काय करायचं विचारलंत तर माझ्याकडे दोनच गोष्टी आहेत, दोन्ही उशिरा सुचलेल्या. एक महिन्याचा पगार वेगळ्या खात्यात, त्याला हात लावायचा नाही, मशीन बंद पडलं तरी. साठवायला वर्ष लागेल, लागू दे. आणि मुलांना कारखाना दाखवा. माझ्या मुलांनी माझं दुकान पाहिलं ते सामान बाहेर काढत होतो त्या दिवशी.

---

आकडेमोड

बुडीत, पगाराच्या खात्याचं एकदम बरोबर, हे धर्माशिवायही बरोबर आहे. मी माझा वरचा सल्ला मागे घेत नाही पण थोडा लाजलोय.

---

रिटायर्ड_कॅटेकिस्ट

फोनचं राहिलं. मिस्सेला जाताना घरी ठेवून जा, खिशात सायलेंट नको. पहिले दोन-तीन रविवार मांडी आपोआप थरथरते, मग थांबते. आणि मन भटकलं तर त्याच्याशी कुस्ती खेळू नका. अर्पणाच्या वेळी भाकर आणि द्राक्षरस वर जातो तेव्हा फादर काय म्हणतात ऐका, भूमीचं फळ आणि माणसाच्या हातचं काम. तुमचं शीट अडकवणारं मशीन तिथे ठेवून द्या. ते हातचं कामच आहे.

---

खोकेवाला

तीन आठवडे झाले, म्हटलं सांगून टाकू.

कस्टमरला फोन केला. फोन करायच्या आधी दोन ग्लास पाणी प्यायलो, हसू नका. त्यांचा स्टोअरवाला म्हणाला सात? आमची लाइन तर अकराला सुरू होते, सात कोणी सांगितलं तुम्हाला? आठ वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी पहिल्या ऑर्डरवर लिहिलेलं होतं ते तसंच चालू होतं. महिनाअखेरीला मात्र सातच लागेल म्हणाले. म्हणजे महिन्यातला एक रविवार अजून उघडावा लागेल, बाकीचे बंद. पोरांना ओव्हरटाइम कमी होणार म्हणून टेन्शन होतं, एकाने तोंडावर सांगितलं की साहेब मला पैसे पाहिजेत, सुट्टी नको. शनिवारी दोन तास वाढवून थोडं भरून काढलंय, पूर्ण नाही भरलं. त्याचं तोंड अजून फुगलेलं आहे, आणि त्याचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही.

बारा दिवसांचं कन्फेशनमध्ये सांगितलं. फादर बराच वेळ गप्प बसले आणि मग विचारलं, त्यांना सांगितलंस का? म्हणून पगाराच्या दिवशी सगळ्यांसमोर सॉरी म्हटलं. भयंकर अवघड गेलं. कोणी काही बोललं नाही, सगळे खाली बघत होते, मग एकजण म्हणाला साहेब चालतंय, मशीन लावू का.

पगाराचं खातं उघडलंय. सध्या त्यात चार दिवसांचा पगार आहे.

पेमेंट पण आलं. रोझरीच्या वेळी मुद्दाम सांगितलं की आलं बरं का, तर धाकटा म्हणाला मग आता मी काय मागू? म्हटलं बघ तूच. गेल्या शनिवारी दोघांना कारखान्यात घेऊन गेलो होतो, मुलगी कंटाळली, हा मात्र तीन तास डाय कटिंगच्या मशीनजवळ उभा, आमच्या जुन्या ऑपरेटरला प्रश्न विचारून विचारून बेजार केलं. तर त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "मोठ्या मशीनवाल्या काकांचा गुडघा बरा होऊ दे."

मी बायकोकडे बघितलं, ती माझ्याकडे. सहा वर्षं तो माणूस माझ्याकडे आहे, दिवसाला आठ तास उभा असतो. गुडघ्याचं मला माहीत नव्हतं.

नाइट_शिफ्ट, तुम्ही मशीनवर असता म्हणून विचारतो. पॅडल असलेल्या मशीनपुढे बसायचा उंच स्टूल ठेवला तर काम करता येतं का, का खाली जाड रबरी मॅट बरी पडते?

---

नाइट_शिफ्ट

दोन्ही ठेवा. मॅट आधी. स्टूल त्यांनाच निवडू दे, उंची चुकली तर कंबर जाते.